आफ्रिका नावाचा देश नसतो, हे हेडसरांना कसं सांगू?

ताई,
मी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत सहावीला शिकवते. पुढच्या महिन्यात आमच्याकडे ‘विश्वदर्शन सप्ताह’ आहे. प्रत्येक वर्गाला एक देश दिलाय. पाचवीला जपान, सातवीला अमेरिका, आठवीला ब्राझील. माझ्या सहावीच्या वाट्याला आलाय ‘आफ्रिका’. हेडसरांनी कुठल्याशा शाळेचा एक व्हिडिओ पाठवला. त्यात मुलांच्या तोंडाला काळा रंग, कमरेला गवताचे झगे, हातात भाले आणि मागे ढोल. ‘असं काहीतरी बसवा, फोटो छान येतात,’ म्हणाले. वर्गात विषय काढला तर एक मुलगा म्हणाला, ‘तिथं लोक उपाशी असतात.’ एक मुलगी म्हणाली, ‘जंगलात राहतात.’ मागच्या बाकावरून कुणीतरी वर्गातल्या एका सावळ्या मुलाला म्हणालं, ‘तुझा देश आला रे!’ सगळे हसले. तो पण हसला. मी विषय बदलला. पालकांच्या ग्रुपवर एकांनी लिहिलंय, ‘आधी आपली संस्कृती धड शिकवा, मग जगाची.’ मी स्वतः कधी देशाबाहेर गेलेले नाही, पासपोर्टसुद्धा नाही. मला पाच तास मिळालेत. काय शिकवू? आणि तो काळा रंग कसा टाळू?
ता.क. – मुलांना खाण्याचं आकर्षण असतं. काही करता येईल का?
– सहावीच्या बाई

बाई,

(तुम्ही सही तशी केलीत, म्हणून मीही तेच म्हणते. हल्ली सगळीकडे ‘मॅडम’ झाल्यात, बरं वाटलं.)

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही मध्येच लिहून पुढे निघून गेलात. ‘तो पण हसला.’ सप्ताह जरा बाजूला ठेवा, आधी या पोराचं बघू.

सावळ्या मुलाला ‘काळ्या’ म्हणून हाक मारणं आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की त्याला कुणी चिडवणं म्हणतसुद्धा नाही. ज्याला म्हणतात तो हसतो, कारण न हसला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट होतं. ज्यानं म्हटलं त्या मुलाला मधल्या सुट्टीत एकट्याला बोलवा. ‘तू परवा जे बोललास ते या वर्गात पुन्हा चालणार नाही’ एवढं सांगा आणि सोडून द्या, लांबण लावू नका. ज्याला म्हटलं त्याच्याशी वेगळं बोला, तेही दोनच वाक्यं: मी ऐकलं होतं, मला ते आवडलं नव्हतं. ‘अरे, विठ्ठलही काळाच, कृष्णही काळाच’ हे मात्र कृपा करून नको. हे त्यानं आतापर्यंत शंभरदा ऐकलेलं असणार, आणि ते सांगणारी माणसं बहुतेक वेळा गोरीच असतात.

आणखी एक. खाली एका माणसाची गोष्ट येणार आहे. त्यावर नाटुकली बसवायचं ठरलंच तर त्या माणसाची भूमिका या मुलाला देऊ नका. तुमच्या मनात चांगलाच हेतू असेल, पण वर्गाला त्यातून तेच कळेल जे मागच्या बाकावरून ऐकू आलं होतं.

आता काळा रंग. यावर चर्चाच ठेवू नका. तोंडाला काळं आपल्याकडे कुणाच्या आणि कशासाठी फासतात हे हेडसरांनाही ठाऊक आहे. दुसऱ्या माणसाची कातडी हा वेश नसतो. पालकांच्या ग्रुपवर आजच एक निरोप टाका, अगदी साधा: ‘सहावीच्या सादरीकरणासाठी चेहऱ्याला कोणताही रंग लावायचा नाही. शाळेचा गणवेश पुरेसा आहे. विकत काहीही आणू नये. आजी-आजोबांना विचारायचे काही प्रश्न मुलांबरोबर पाठवत आहे, तेवढे मात्र जरूर करून घ्यावेत.’ ‘विकत काहीही आणू नये’ हे वाचल्यावर कुठलाही पालक वाद घालत नाही.

हेडसरांकडे ‘सर, तुमचं चुकलं’ म्हणून जाण्यात काही मिळायचं नाही. पर्याय घेऊनच जा. ‘सर, आफ्रिकेत ५४ देश आहेत, पाच तासांत सगळे कसे होणार? मी एकच घेते, इथिओपिया. मलिक अंबर तिथलाच. आपल्या शहराशी संबंध जोडता येईल.’ तुमच्या जिल्ह्यातला कुठलाही हेडमास्तर याला नाही म्हणायचा नाही. केंद्रप्रमुखांकडे जाणाऱ्या अहवालात हे वाक्य फार शोभतं. आणि फोटो हवेतच, तर ते कसे मिळतील तेही पुढे सांगते.

मलिक अंबर तुमच्या मुलांना नावानं माहीत असेल, फार तर ‘खडकी वसवली’ एवढं. तो इथिओपियात १५४८च्या सुमारास जन्मला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकला जात अरबस्तानातून दख्खनेत पोचला. इथं त्याला निजामशाहीच्या पेशव्यानं, चंगीझखानानं विकत घेतलं, आणि हा चंगीझखानही मूळचा हबशी, म्हणजे तिकडचाच. पुढे १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, निजामशाही संपल्यात जमा झाली, तेव्हा याच माणसानं नवा निजामशहा गादीवर बसवला आणि पाव शतक मोगलांना दख्खनेत सुखानं बसू दिलं नाही. १६१० साली खडकी वसवली. तेच तुमचं आजचं संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून, नुसत्या उतारावर खेळवत शहरात आणलं, ती नहर-ए-अंबरी. १६२४ला भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूनं शहाजीराजे लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले. १६२६ला तो वारला. कबर खुलताबादला आहे. तुमची सहल वेरूळला जात असेल तर बस तिच्या जवळूनच जाते.

मुलांना दाखवायला एक चित्र सुचवते. जहांगीर बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. अबुल हसन या दरबारी चित्रकाराचं हे चित्र हल्ली डब्लिनच्या संग्रहालयात आहे, इंटरनेटवर स्पष्ट दिसतं. यातलं काहीही घडलं नव्हतं. अंबर जहांगीरच्या हाती कधी लागलाच नाही. मुलांना आधी चित्र दाखवा, काय झालं असेल ते सांगू द्या. मग खरं काय ते सांगा, आणि विचारा की बादशहानं असं चित्र का काढून घेतलं असेल. सहावीच्या मुलांची उत्तरं भलतीच मार्मिक येतात. जहांगीर आपल्या आठवणींत अंबरच्या रंगावरून त्याला शिव्या देतो, हेही सांगायला हरकत नाही. त्याच दरबारातल्या मुतमद खान या इतिहासकारानं मात्र अंबर गेल्यावर लिहून ठेवलं की लढाईत आणि कारभारात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. मागच्या बाकाला हे ऐकवायचं असेल तर इतिहासाच्या तासात ऐकवा. वेगळं प्रवचन नको.

गुलामगिरीचा भाग गाळू नका. अकरा वर्षांचं मूल विचारणारच, ‘माणूस विकत कसा मिळतो?’ मिळत होता, त्याचे बाजार होते, आणि ते चालवणाऱ्यांत आणि घेणाऱ्यांत आपल्या भागातलेही होते, हे सरळ सांगा.

पण इथंच थांबलात तर इथिओपिया म्हणजे फक्त ‘आपल्या मलिक अंबरचं गाव’ एवढंच उरेल. हा सगळा एका तासाचा ऐवज. बाकीचे चार तास आजच्या इथिओपियाला द्या.

सुरुवात नकाशानं आणि उंचीनं करा, कारण ‘जंगल’ आणि ‘वाळवंट’ या दोन्ही समजुती तिथंच पडतात. राजधानी आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटरवर आहे. आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी सातशे मीटर चढलं की ते लाखो वस्तीचं शहर. तिथं संध्याकाळी अंगावर जाड सुती शाल लागते, गवताचा झगा घातला तर माणूस गारठेल. हा उंच प्रदेश लाव्हाच्या थरांनी झालाय, आपल्या दख्खनसारखाच, आणि तिथंही काळी माती आहे. कापसाच्या पट्ट्यातल्या मुलांना पावसात पायाला चिकटणाऱ्या काळ्या मातीबद्दल काही शिकवावं लागत नाही. त्यांनाच सांगू द्या.

आता घड्याळ. मला विचाराल तर हाच तुमचा सगळ्यात रंगणारा तास.

इथिओपियात दिवस सूर्योदयापासून मोजतात. आपण ज्याला सकाळचे सात म्हणतो तिथं तो एक वाजलेला असतो. दुपारी बारा म्हणजे सहा. संध्याकाळी अंधार पडला की रात्रीचे तास पुन्हा एकपासून. विमानतळावर, परदेशी लोकांशी बोलताना ते आपली नेहमीची पद्धत वापरतात, पण घरात, बाजारात, बसच्या रांगेत हीच. पुष्कळांच्या मनगटावरचं घड्याळ मात्र तुमच्या-आमच्यासारखंच असतं. ते फक्त वेगळं वाचतात. युक्ती सोपी आहे: तासकाटा ज्या आकड्यावर असेल त्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. सातच्या समोर एक, दहाच्या समोर चार. थर्माकोलचं मोठं घड्याळ करा (हा तुमचा पहिला फोटो) आणि मुलांना एकेक करून पुढे बोलवा. शाळा साडेदहाला भरते ना? तिथं साडेचार. मधली सुट्टी? टीव्हीवरची मालिका? थोड्या वेळात वर्ग एकमेकांना नव्या वेळा सांगायला लागेल आणि तुम्हाला गप्प करावं लागेल. भारत आणि इथिओपिया यांच्यातला अडीच तासांचा फरक ही निराळी भानगड आहे, ती त्याच तासात आणू नका, गोंधळ होईल.

मग विचारा, हे असं का चालतं? उत्तर भूगोलात आहे. तो देश विषुववृत्ताच्या आपल्यापेक्षा बराच जवळ. आपल्याकडे उन्हाळ्यात सहाच्या आत उजाडतं आणि जानेवारीत सात वाजतात, तिथं वर्षभरात हा फरक थोडाच पडतो. सूर्य रोज साधारण एकाच वेळी उगवत असेल तर त्यालाच घड्याळ करणं सोयीचं. म्हणजे ‘विचित्र’ वाटणाऱ्या गोष्टीला कारण निघालं. हे एकदा घडलं की पुढच्या वेळी मुलं कारण शोधूनच बोलतात.

आणि आता आजी-आजोबांचे प्रश्न. मनगटी घड्याळ घरात येण्याआधी तुम्ही वेळ कशी सांगायचात? मुलं दुसऱ्या दिवशी काय काय घेऊन येतात बघा. ‘दिवस कासराभर वर आला’, ‘दिवेलागणीला’, ‘गुरं परतायच्या वेळेला’, ‘शुक्राची चांदणी उगवल्यावर’. सहावीतल्या कित्येकांना कासरा म्हणजे काय हेही घरी विचारावं लागेल. ग्रुपवर ‘आधी आपली संस्कृती’ लिहिणाऱ्या पालकांच्या घरातही त्या संध्याकाळी हेच चाललेलं असेल.

कॅलेंडरचंही असंच. त्यांचे महिने तेरा. बारा महिने तीस-तीस दिवसांचे, आणि तेरावा, पागुमे, पाच दिवसांचा, लीप वर्षी सहा. पागुमेच्या सहाव्या दिवशी जन्मलेल्या मुलाचा वाढदिवस चार वर्षांतून एकदा, यावर वर्ग खूश होतो. नवं वर्ष बहुतेक वेळा ११ सप्टेंबरला, पावसाळा ओसरून माळावर पिवळी फुलं आली की. सालही आपल्या नेहमीच्या सालापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे: जगभर २००० सालाचा गाजावाजा होऊन गेल्यावर इथिओपियानं स्वतःचं २००० साल १२ सप्टेंबर २००७ला साजरं केलं. ‘मग ते मागासलेले ना?’ असं कुणीतरी म्हणेलच. घरच्या भिंतीवरचं कालनिर्णय आणायला सांगा आणि त्यात शके शोधायला लावा. तिथं तर आपण अठ्ठ्याहत्तर वर्षांनी मागे आहोत, आणि ज्या शालिवाहनाच्या नावानं ते मोजतो त्याचं पैठण तुमच्याच जिल्ह्यात.

लिपीसाठी अर्धा तास पुरे. अम्हारिक भाषेची लिपी बाराखडीच्या तत्त्वावर चालते, फक्त तिच्यात प्रत्येक व्यंजनाची सात रूपं. तक्ता इंटरनेटवर सहज मिळतो, मोठा प्रिंट काढून लावा, मुलांना आपापलं नाव लिहू द्या. ‘ण’ आणि ‘ळ’ला अक्षर सापडणार नाही. गणेश आणि मृणाल अडतील. त्यांना मार्ग काढू द्या. अम्हारिकमध्येही असे काही आवाज आहेत जे आपल्याला नीट काढता येत नाहीत. त्याची रेकॉर्डिंग ऐकवून प्रयत्न करायला लावा. त्या देशात ऐंशीच्या वर भाषा बोलल्या जातात, हे जाता जाता सांगा.

आता ‘तिथं लोक उपाशी असतात’. तो मुलगा खोटं बोलला नाही. १९८४-८५ला तिथं भयंकर दुष्काळ पडला, त्याचे फोटो जगभर गेले आणि अजून फिरतायत. उत्तरेकडे २०२० ते २०२२ मोठं युद्धही झालं. हे लपवून ‘किती सुंदर देश’ करू नका, पाहुण्यांसाठी आवरलेलं घर मुलांना लगेच ओळखू येतं. त्याऐवजी तुमच्याच भागातला १९७२चा दुष्काळ काढा. मिलो नावाची लाल ज्वारी, सुकडी, खडी फोडायची कामं. मराठवाड्यात अजून घरोघरी सांगणारं माणूस आहे. ते ऐकून झालं की विचारा: इथिओपियातल्या सहावीच्या वर्गात आपल्या गावाचा एकच फोटो लावायचाय, आणि तो १९७२चा आहे. चालेल?

वर्ग पेटेल. पेटू द्या. मग त्यांनाच काम द्या: इथिओपियातल्या मुलांना आपलं गाव कळावं म्हणून पाचच फोटो निवडायचे. गटागटानं. ट्रॅक्टर की बैलजोडी? देवळाचा कळस की मोबाईलचा टॉवर? टँकर दाखवायचा की नाही? ‘लग्नातला डीजे दाखवू या’ आणि ‘नको, लाज वाटते’ असे दोन तट पडतील. तुम्ही मध्ये पडू नका, फक्त कारणं फळ्यावर लिहीत जा. हे झाल्यावर मुलं इथिओपियाचे फोटो शोधायला बसतील तेव्हा पहिला दिसला तो चिकटवणार नाहीत. प्रदर्शनात दोन्ही शेजारी लावा, तुमचे पाच आणि त्यांचे पाच. हेडसरांचा दुसरा फोटो हा.

त्यांच्या पाचात लालिबेला यायलाच हवं. बाराव्या-तेराव्या शतकातली अकरा चर्च, अखंड खडकात कोरलेली, त्यातलं एक क्रुसाच्या आकाराचं. वरून जमिनीच्या पातळीला क्रूस दिसतो आणि देऊळ खाली खणलेल्या खड्ड्यात उभं. वरून खाली कोरत जायची ही रीत मुलांनी वेरूळच्या कैलासात पाहिलेली आहे. कैलास आठव्या शतकातला, म्हणजे कुणीतरी लगेच म्हणेल, ‘त्यांनी आपलं बघून केलं.’ तसा कुठलाही पुरावा नाही, आणि शिक्षकानं तिथंच हे थांबवावं. दोन वेगळ्या माणसांच्या समूहांपुढे सारख्या जातीचा खडक आला आणि दोघांनाही एकच अवघड कल्पना सुचली, हेच मला जास्त नवलाचं वाटतं. लालिबेलात आजही पूजा-प्रार्थना चालते. ७ जानेवारीच्या नाताळला पांढऱ्या शाली पांघरलेल्या भाविकांची तिथं गर्दी होते.

‘शी!’ येणार, त्याची तयारी ठेवा. तुम्ही दाखवलं नाही तरी यूट्यूब दाखवेल: किटफो नावाचा पदार्थ, कच्च्या गोमांसाचा खिमा, मसाल्याच्या तुपात कालवलेला. घरून मोबाईलवर बघून कुणीतरी येईल आणि वर्गात सांगेल. घाबरून ‘असं काही नसतं’ म्हणू नका. असतं, तिथं ते मानाचं जेवण आहे, म्हणून सांगा. आणि लगोलग पुढचंही सांगा: त्या देशातले श्रद्धाळू ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती दर बुधवारी आणि शुक्रवारी, शिवाय मोठ्या उपवासांत आठवडेच्या आठवडे, मांस, अंडी, दूध, तूप काहीही घेत नाहीत. आपल्या उपवासात दूध चालतं हे त्यांना कळलं तर ते काय म्हणतील? वर्गात एक नियम लावा. जो ‘शी’ म्हणेल त्यानंच त्या गोष्टीबद्दल एक प्रश्न विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी उत्तर शोधून आणायचं. ‘शी’ पुष्कळ कमी होतात. हा विषय तुमच्या गावात कितपत झेपेल हे मात्र तुम्हीच ठरवा. मी लांब बसून लिहितेय, पालकांना तोंड तुम्हाला द्यायचंय.

पासपोर्टचं म्हणाल तर त्याची काळजी सोडा. तुम्ही कुठं गेलेला नाहीत हे पहिल्याच तासाला मुलांना सांगून टाका, आणि प्रत्येक तक्त्याखाली ‘हे कुठून कळलं’ अशी एक ओळ लिहायची सक्ती करा. ज्यानं जे वाचलं, पाहिलं, ज्याला विचारलं, ते. चार देश फिरून आलेल्या आणि सगळं ठामपणे सांगणाऱ्या माणसापेक्षा अशा वर्गात मुलं जास्त शिकतात. पुण्याच्या विद्यापीठात आफ्रिकेतले बरेच विद्यार्थी असतात. ओळखीतून एखादा इथिओपियन विद्यार्थी व्हिडिओ कॉलवर मिळाला तर सोन्याहून पिवळं. त्याला नाच दाखवायला सांगू नका. मुलांचे प्रश्न आधी वाचून बघा, आणि निम्मा वेळ त्याला मुलांना प्रश्न विचारू द्या. आपल्याकडच्या कुठल्या गोष्टीचं त्याला हसू येतं हे कळणं मुलांना आवडतं.

ग्रुपवरच्या त्या पालकांना मी ग्रुपवर उत्तर दिलं नसतं. प्रदर्शनाला बोलावलं असतं आणि दारातच एक ताट ठेवलं असतं: ज्वारीची भाकरी, बाजरीची भाकरी, नाचणीची भाकरी. खाली चिठ्ठी, ‘ही तिन्ही धान्यं मूळची कुठली?’ तिन्ही आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी तिथून आपल्याकडे आली आणि आपण त्यांच्यावर वाढलो. आपली संस्कृती शिकवायला घेतली तरी आफ्रिका टाळता येत नाही, हे तुम्ही बोलायची गरज नाही, ताट बोलेल.

ता.क.चं उत्तर. खायला नक्की करा. इथिओपियाचं रोजचं जेवण म्हणजे इंजेरा: तेफ नावाच्या खसखशीएवढ्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून एकाच बाजूनं भाजलेली, वरून जाळीदार, मोठी आंबट आंबोळी. त्यावर निरनिराळी कालवणं वाढतात. त्यातलं शिरो हे हरभऱ्याच्या पिठाचं, कांदा आणि तिखट मसाल्यात शिजवलेलं, उपवासाच्या दिवशीही चालणारं. आपलं पिठलंच म्हणा. तेफ आपल्याकडे सहज मिळत नाही, तेव्हा नाचणीची आंबोळी आणि जरा जास्त तिखट पिठलं करा आणि फळ्यावर ‘हे खरं इंजेरा नव्हे, त्याच्या जवळचं आहे’ असं लिहा. जेवणानंतर कॉफी हवी. कॉफीचं झाड मुळात तिथलंच. पाहुण्यांसमोर बिया भाजायच्या, धूप घालायचा, मातीच्या सुरईत उकळून तीनदा वाढायची, असा तो बराच वेळ चालणारा सोहळा असतो. सोबत मक्याच्या लाह्या. मुलांना नुसत्या लाह्या द्या.

एका गोष्टीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. इंजेरा एकाच मोठ्या परातीतून सगळे मिळून खातात आणि प्रेमानं दुसऱ्याच्या तोंडात घास भरवतात, त्याला गुर्शा म्हणतात. मुलांना हे सांगितलंत की ती करणारच. आपल्या गावात कोण कुणाच्या ताटात जेवतं हा साधा प्रश्न नाही, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मुलांवर सोडलंत तर परातीभोवती घराघरांप्रमाणे घोळके होतील आणि एक-दोघं ‘मला भूक नाही’ म्हणून भिंतीला टेकतील. म्हणून गट तुम्हीच पाडा, हजेरीपटाच्या क्रमांकानं, आदल्या दिवशी फळ्यावर लिहून. एका परातीला सहा जण, त्यात एक शिक्षक. हेडसरांनाही एका परातीला बसवा, तिसरा फोटो तोच. भरवायची सक्ती कुणावर नको. हात सगळ्यांचे साबणानं. कुणाला शेंगदाणा वगैरे चालत नाही का ते आधी विचारून ठेवा, आणि गॅसची शेगडी वर्गात आणणार असाल तर परवानगी लेखी घ्या.